शेवटच्या खुर्चीतली वेल्डा

वेल्डा कोलारने एकतीस वर्षं हेंडरसन गावात शाळेची बस चालवली आणि त्या एकतीस वर्षांत तिला कुणी नावं ठेवली नाहीत. नावं ठेवली ती ब्लॅकजॅकच्या टेबलावर, आणि तीही डेल्बर्ट स्टब्जने, ज्याला स्वतःला धड खेळता येत नव्हतं!

नवरा गेल्यावर घर खायला उठलं, म्हणून वेल्डा दर मंगळवारी सकाळी दहाला बोल्डर रस्त्यावरच्या कॅसिनोत जाऊ लागली. तिथे तिघांचं बस्तान. निवृत्त प्लंबर डेल्बर्ट, केस कापणारी जोनेल आणि शेवटच्या खुर्चीत वेल्डा. डाव किरकोळ, खरी मजा गप्पांची. जोनेलचा तिसरा नवरा, डेल्बर्टची कुत्री, न्याहारीतला करपलेला पाव, सगळ्याचा समाचार घेतला जायचा. आठवड्यातून तेवढे दोन तास वेल्डा पोटभर बोलायची.

खेळ साधा: वाटणाऱ्याविरुद्ध पानांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, वर गेली की बुडालो. पण शेवटची खुर्ची वाईट. तिच्यानंतरचं पान थेट वाटणाऱ्याला जातं, त्यामुळे तिथल्या माणसाने एक पान जास्त घेतलं आणि टेबल हरलं, की खापर त्याच्याच डोक्यावर. आपले बारा झालेत आणि वाटणाऱ्याची दुर्री दिसतेय, तर पान मागायचं, हे वेल्डाने डावपेचांचा छापील तक्ता पाठ करून पक्कं केलं होतं. पान मागायला ती बोटाने कापडावर टकटक करायची आणि डेल्बर्टचं टाळकं सरकायचं.

“अगं बाई, तो ज्या पानाने बुडणार होता ते तू खाल्लंस!”

“आणि मागच्या डावात तो ज्याने तरणार होता ते खाल्लं, तेव्हा जिंकलास ना?”

“ते माझं नशीब.”

घ्या! हरला की वेल्डा, जिंकला की नशीब. अहो, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, पण या गड्याला सांगणार कोण? वेल्डाने हट्टाने तीन महिने वहीत रेघा ओढल्या. तिच्या पानामुळे टेबल बुडालं एक्केचाळीस वेळा, वाचलं त्रेचाळीस वेळा. वही पुढे केली, तर डेल्बर्ट म्हणाला, “वाचल्याचं कोण धरतं?”

मे महिन्यात मात्र त्याने तोडून सांगितलं. “पुढच्या मंगळवारी बारावर गप्प राहायचं. नाहीतर मी आणि जोनेल दुसरं टेबल बघतो.”

जोनेल कॉफीत बघत बसली. बारावर थांबल्याने फार काही बिघडत नाही, हेही वेल्डाला ठाऊक होतं. पण चूक आहे हे माहीत असून तसं का खेळायचं? आणि ऐकलं नाही, तर बोलायचं कुणाशी, भिंतींशी? आठवडाभर तिला धड झोप लागली नाही.

मंगळवारी ती निमूट येऊन बसली. दुसऱ्याच डावात तिचे बारा, समोर दुर्री. तिने हात आडवा हलवला, नको म्हणून. वाटणाऱ्या आर्नेलने एकोणीस केले आणि तिघंही हरले.

“याला म्हणतात खेळणं!” डेल्बर्ट हरूनही खूश. वेल्डाला मात्र स्वतःचीच लाज वाटली.

पुढच्या डावात डेल्बर्टला एक्का आणि राजा आले, पहिल्या दोन पानांतच एकवीस, ज्याला जादा पैसे मिळतात. त्याने वीस डॉलर लावले होते. आर्नेलने चोवीस सरकवले.

“अरे, तीस होतात!”

“कालपासून बदललंय, साहेब,” आर्नेलने टेबलावरच्या पाटीवर बोट ठेवलं. “आधी दोनाला तीन मिळायचे. आता पाचाला सहा.”

पाटी डोळ्यांसमोर होती, पण वाचली कुणी? वेल्डाच्या अंगातली बसवाली जागी झाली. ती उभीच राहिली.

“डेल्बर्ट, माझ्या बारापायी तुझं जन्मात गेलं नाही तेवढं ही पाटी वर्षभरात नेईल. अन् तिला तू चकार शब्द बोलला नाहीस! रस्त्यापलीकडच्या कॅसिनोत अजून दोनाला तीन देतात. मी निघाले. आणि तिथे मी बारावर पान मागणार, आत्ताच सांगून ठेवते.”

रस्ता ओलांडताना तिने एकदाही मागे पाहिलं नाही, कारण मागे कुणी नसलं तर काय, याची तिला भीती वाटत होती. पलीकडच्या टेबलावर ती शेवटच्या खुर्चीत बसली. पाच मिनिटं गेली. मग शेजारी जोनेल टेकली आणि तिच्यापलीकडे घामाघूम डेल्बर्ट.

“पाटी वाचून आलोय,” तो गुरगुरला.

आणि नेमके वेल्डाचे बारा, समोर दुर्री! दोघं तिच्या बोटाकडे बघू लागले. वेल्डाने टकटक केलं. राणी आली, तिचे दहा धरून बावीस, वेल्डा गेली. वाटणाऱ्याने झाकलेली दश्शी उघडली, वर नव्वी ओढली. एकवीस. ती राणी त्यालाच गेली असती तर तो बुडाला असता, हे तिघांनाही कळलं.

“भिकेला लावणार ही बाई मला!” डेल्बर्ट एवढ्याने ओरडला की पलीकडचं टेबल वळून बघू लागलं. “शाळेतली पोरं कशी जिवंत राहिली हिच्या बसमध्ये!”

वेल्डा मान खाली घालून तो कधी उठतो याची वाट बघत राहिली. तो बारा वाजेपर्यंत तिला शिव्या घालत होता, पण खुर्चीतून हलला नाही.