आवाज नसलेलं भाषण

मावशीने एकतीस वर्षं मोज्यांच्या कारखान्यात चवडे शिवले. तिथे यंत्रांचा एवढा खडखडाट, की शेजारणीशी ओरडून बोलूनही उपयोग नसे. मग बायका नुसते ओठ हलवून बोलत. सासूच्या तक्रारींपासून पोरांच्या तापापर्यंत सगळं त्यात चालायचं. निवृत्त होईतो मावशीचे कान कामातून गेले, पण ओठ वाचायची सवय राहिली. रस्त्यापलीकडचं भांडण ती मला इत्थंभूत सांगायची.

विशीतल्या अकरा महिन्यांबद्दल मात्र चकार शब्द काढत नसे. जे कळलं ते आईकडून, तुकड्यातुकड्यांनी. मावशी घर सोडून तेरा जणांबरोबर एका बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात राहायला गेली होती. मुलांनी केस वाढवले, मुलींनी कापले. घड्याळं काढून टाकली. पुढारी, साहेब, नवरा, कुणालाच मानायचं नाही असं ठरलं. भिंतींवर त्यांनी माणसाएवढाले मासे रंगवले, हाताने फिरवायच्या यंत्रावर पत्रकं छापली. शेवटी एका सकाळी पोलिसांनी दारं तोडून सगळ्यांना उचललं. त्यात मावशी नव्हती. ती आदल्या संध्याकाळीच घरी निघून आली होती.

चव्वेचाळीस वर्षांनी एका मुलीचं पत्र आलं. त्या मंडळींवर ती माहितीपट करत होती. जुनं रीळ सापडलंय, सगळ्यांनी एकत्र बसून बघू या, असं तिने लिहिलं होतं.

"मी नाही जाणार," मावशी म्हणाली. "पळून आलेली मी. कुठल्या तोंडाने जाऊ?"

"मी येते बरोबर."

"तू ये, नाहीतर बँडबाजा आण. मी जाणार नाही."

रविवारी दुपारी ती कडक इस्त्रीचे कपडे घालून माझ्या दारात हजर.

उंच छताच्या खोलीत जाड पडदे ओढलेले होते. आतला उजेड तळ्याच्या तळासारखा हिरवट. सहाजण आले होते. एक बाई आता दातांची डॉक्टर होती. ज्याला सगळे 'दाढी' म्हणत तो त्यांचा म्होरक्या विमा कचेरीतून निवृत्त झाला होता आणि गुळगुळीत दाढी करून आला होता. डॉक्टरीणबाईंनी "अगं बुटके!" म्हणत मावशीला मिठी मारली. तरी मावशी दाराजवळची खुर्ची धरून अंग चोरून बसली.

भिंतीवर रीळ सुरू झालं. त्याला आवाज नव्हता. पाण्यात चालावं तशी ती पोरं संथ चालत होती आणि त्यांच्या पाठीमागे मासे पोहत होते. वीस वर्षांची मावशी बादली घेऊन दाराबाहेर गेली. माझ्या शेजारची मावशी तिच्याकडे परक्याच्या लेकराकडे बघावं तशी बघत राहिली. मग दाढी टेबलावर चढला आणि बोलू लागला.

"हेच ते शेवटच्या संध्याकाळचं भाषण!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एकानेही मागे फिरायचं नाही! अजून कानात आहे माझ्या."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. खुर्चीतला दाढी मात्र आपल्या बुटांकडे बघत होता.

"थांबवा," मावशी एकदम म्हणाली. "जरा मागे घ्या."

ती उठून भिंतीजवळ गेली. चित्राचा उजेड तिच्या खांद्यावर पडला. दाढीचे ओठ पुन्हा हलू लागले, तसं ती सावकाश बोलत गेली. "मला भीती वाटतेय... उद्या ते येतील... ज्याला घरी जायचंय त्याने आज जावं. त्याला कुणी नावं ठेवायची नाहीत... मागचं दार उघडं ठेवलंय."

दाढीने मान वर केली.

"छे! असलं काही नव्हतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"असंच होतं," दाढी म्हणाला. "तुरुंगातून सुटल्यावर तुम्ही सगळे दुसरंच सांगायला लागलात. ऐकायला बरं वाटायचं. पुढे मलाही तेच आठवायला लागलं."

मावशी त्या वेळी अंगणात पाणी भरत होती. परत आली तर आत टाळ्या वाजत होत्या. बादली ठेवून ती मागच्या दाराने गुपचूप निघाली. आपल्याला कुणीच कसं अडवलं नाही, याचं तिला आजवर कोडं होतं.

माहितीपटवाली मुलगी कॅमेऱ्याआडून काहीतरी म्हणाली.

"कॅमेरा खाली घे बाळ, तोंड दिसत नाही तुझं."

मुलीने तो खाली घेतला. "घरी गेल्याचा पश्चात्ताप होतो का?"

"होत होता की," मावशी म्हणाली. "आज दुपारपर्यंत."

पहिला हसला तो दाढी. मग डॉक्टरीणबाई हसता हसता रडायलाच लागल्या.

पुढच्या वर्षी माहितीपट लागला, त्यात ते सगळं जसंच्या तसं आहे. पण मला आठवतो तो परतीचा बसप्रवास. मावशी खिडकीशी बसून बोलत सुटली होती. भर उन्हाळ्यातही गार लागणाऱ्या त्या भिंती, दुपारी फळ्यांवर ओळीने झोपणं, छतातून उतरणारा उजेड माशांवरून सरकायचा ते, आणि पत्रकांच्या शाईने काळी झालेली सगळ्यांची बोटं. आमचा थांबा आला आणि मागे गेला. मी तिला थांबवलं नाही.