पाटातला दगड

ग्रीसमधल्या त्या बेटावर, खोऱ्याच्या तोंडाशी भलामोठा फलक आहे: बुरूज, बंद पाणचक्क्या, जुनं चर्च. इतिहास म्हणे! पाटातल्या दगडाबद्दल एक अक्षर नाही. आज पाणी कुणाच्या वाफ्यात वळायचं, ते तो दगड ठरवतो. जे अजून राबतंय ते यांना दिसत नाही. मेलं की फलकावर चढतं.

आमच्या सहलीतल्या एका महाशयांनी फोटोसाठी तो दगड उचलून काठावर ठेवला. तिथेच वाफे असलेल्या मारिया आजींची पाण्याची पाळी आठवड्यातून एकदा, ती नेमकी त्या दिवशी, आणि पाणी चाललं भलतीकडे.

"बुरूज न्या की उचलून, तो कुणाला लागतोय!" आजी मोडक्या इंग्रजीत कडाडल्या.

"दगडच तर आहे," महाशय हसले.

कपाळ! मी तावातावाने दगड परत पाटात ठेवला. आजींनी मला बाजूला सारून तो वीतभर सरकवला, तेव्हा कुठे पाणी त्यांच्या घेवड्याकडे वळलं.