बघू, होतंय का

कुठलंही काम सांगा, मिस्त्रींचं उत्तर ठरलेलं. टोपी मागे सरकवायची, मान जराशी तिरकी करायची आणि म्हणायचं, "बघू, होतंय का." एवढं ऐकलं की ते काम झालंच असं आम्ही धरून चालायचो.

हैदराबादच्या पाणी खात्यात मी कारकून आणि ते गळती शोधणारे मिस्त्री. छातीएवढी उंच लाकडी काठी होती त्यांची. एक टोक रस्त्यावर, दुसरं कानाशी. जमिनीखालचा पाईप कुठं फुटलाय ते ऐकून तिथं खडूने फुली मारायचे.

एकदा हिमायतनगरला आमच्या गल्लीत चार दिवस पाणी नव्हतं. इंजिनिअरांनी तीन ठिकाणी खणलं, तिन्ही खड्डे कोरडे. मग मिस्त्री अंबरपेठहून सायकलवर आले, निवांत चहाबिहा पिऊन. काठी टेकवली. "हल्लू बोला, पाणी बोलतंय," म्हणाले आणि फुली मारली. तिथंच पाईप फुटलेला निघाला. मी म्हटलं, "मिस्त्री, काबिल माणूस आहात बुवा!" तर चक्क चिडले.

"तसं बोलू नका बाबू. उद्या नाही सापडलं तर?"

आपल्याकडे हे असंच, नाही का? ज्याला काम येतं त्याच्या तोंडून 'मला येतं' निघत नाही. मीही कधी म्हटलेलं नाही.

पुढे छप्पन साली हैदराबाद राज्य फुटलं. मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आम्हाला विचारणा झाली, जाता की राहता? मिस्त्रींचं गाव परभणीकडचं. जातील असंच सगळ्यांना वाटलं. "नक्को," ते म्हणाले. "माझे पाईप सगळे इथं आहेत."

राहिलेल्यांची पात्रता तपासायला तीन नवे साहेब आले. त्यांना ना मराठी ना उर्दू, म्हणून दुभाषा मी. सकाळपासून माणसामागून माणूस, तेच प्रश्न, तेच रकाने. जेवणाची वेळ टळून गेली होती, डोकं उठलं होतं. तेवढ्यात काठी बाहेर भिंतीला टेकवून मिस्त्री आत आले. साहेबांचा प्रश्न मी मराठीत विचारला, "जमिनीखालची गळती शोधता येते का?"

टोपी मागे, मान तिरकी. "बघू, होतंय का."

करून बघतो म्हणतात, असं मी इंग्रजीत सांगितलं.

"म्हणजे खात्री नाही?" साहेबांनी विचारलं.

"खात्री कशी देऊ बाबू? पाणी आहे ते." हेही मी जसंच्या तसं सांगून टाकलं. साहेबांनी पात्रतेच्या रकान्यात 'नाही' लिहिलं आणि पुढच्याला बोलवायला सांगितलं.

तुम्ही म्हणाल, एक वाक्य पदरचं घालायला तुमचं काय जात होतं? 'हे असंच बोलतात साहेब, पण यांच्यासारखा दुसरा माणूस खात्यात नाही.' काही जात नव्हतं हो. कंटाळलो होतो, एवढंच. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना पुन्हा तपासा असा अर्ज घेऊन गेलो तर साहेब म्हणाले, "सांगितलं त्यांनीच, आणि तेही तुमच्याच तोंडून."

मिस्त्रींना गोदामाच्या फाटकावर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला. काठी खात्याची, ती जमा करायला ते माझ्याकडेच आले. मला मान वर करवेना.

"बाबू, त्या दिवशी मी बोललो तेच सांगितलंत ना तुम्ही?"

"हो मिस्त्री. तेच."

"मग झालं तर," म्हणाले, आणि टोपी नीट करून फाटकाकडे गेले.

त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीचं पाणी पुन्हा गेलं. खात्याने पाच खड्डे खणले, पाचही कोरडे. बायको रोज म्हणायची, मिस्त्रींना बोलवा. कुठल्या तोंडाने बोलावणार? मी गेलो नाही.

सहाव्या दिवशी सकाळी दार उघडलं, तर रस्त्यावर खडूची फुली. काठी तर माझ्या कपाटात कुलपात होती. रस्त्यावर आडवं होऊन नुसता कान लावला असणार त्यांनी.