टेकडीवरची तीन माणसं

रविवारी सकाळी टेकडीच्या पायवाटेवर माझा नवरा सुधीर नेहमीसारखा सायकल दामटत पुढे गेला. त्याला उतार हवा असतो. दगडांवरून सायकल उडाली की त्याचा चेहरा खुलतो. आमची मैत्रीण वंदना जीव तोडून चढ चढते. धाप लागली नाही, तर तिला सायकल चालवल्यासारखंच वाटत नाही. मला मात्र करवंदीच्या जाळीपाशी रेंगाळायचं असतं.

वळणावर दोघंही माझ्यासाठी ताटकळत उभे होते.

"अगं, किती वेळ!" सुधीर म्हणाला. "तुला मजा येत नाहीये का?"

माझं डोकंच फिरलं. "येत होती. तू विचारेपर्यंत!"

वंदना उगाचच गिअर चाचपत राहिली. मी म्हटलं, "जा तुम्ही पुढे. येईन माझी मी."

"नक्की?" एवढं विचारून दोघंही दोन दिशांना अशा लगबगीनं पसार झाले, की मी बघतच राहिले. म्हणजे त्यांनाही सुटकाच हवी होती! इतके रविवार आम्ही तिघंही एकमेकांसाठी आपापली हौस मारत आलो, मनातल्या मनात चरफडलो, आणि वर त्याला सोबत म्हणत राहिलो.