बाइंडरकाकांच्या चष्म्यावरची डबी

बाइंडरकाकांनी चाळीस वर्षं पुस्तकं बांधली, पण त्यांचं नाव सगळीकडे झालं ते एका चुकीमुळे. वाचनालयाच्या एका रहस्यकथेत त्यांनी एक जुज मागेपुढे शिवलं आणि वाचकांना खुनी आधी सापडला, खून नंतर झाला. जुज म्हणजे सोळा पानांची घडी. अशा घड्या क्रमानं रचायच्या, दोऱ्यानं शिवायच्या आणि पाठीला खळ लावायची. क्रम चुकला की सगळं मुसळ केरात.

दोष डोळ्यांचा होता. नजरेच्या मधोमध धुकं बसलं होतं आणि पानांचे आकडे नेमके त्या धुक्यात जायचे.

ग्रंथपालबाई भल्या, पण स्पष्ट बोलणाऱ्या. चार खंडांच्या जुन्या शब्दकोशातला पहिला खंड काकांपुढे ठेवून त्या म्हणाल्या, "हा नीट झाला तर बाकीचे तीनही तुमचेच. नाहीतर काम दुसरीकडे द्यावं लागेल, काका. राग मानू नका."

राग कसला मानायचा? दुसरं कोणतं काम त्यांना येत होतं?

त्याच आठवड्यात लेक काडेपेटीएवढी एक डबी घेऊन आली. ती चष्म्याच्या काडीला अडकवायची, की समोर जे छापलेलं असेल ते ती वाचून दाखवायची.

"हे फोनवरही होतं म्हणे," काका म्हणाले. "घरात आणखी एक डबडं कशाला?"

"होतं की. बघा करून."

काकांनी करून बघितलं. एका हातात फोन, दुसऱ्या हातात जुज. घडी उलगडायला तिसरा हात कुठून आणायचा? फोनवर खळीची बोटं उमटली. तेवढ्यात मेव्हण्याचा फोन आला. त्याचं गुडघेदुखीचं पुराण संपेपर्यंत आपण कुठवर आलो होतो हेच काका विसरले.

"फोन म्हणजे भरला बाजार," ते वैतागून म्हणाले. "आण ती डबी."

"आणि डबी म्हणजे काय?" बायकोनं आतून विचारलं.

"तुझ्यासारखी. एकच गोष्ट धरून बसते."

"मग नाही चुकायची," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी खंडाचा जुना दोरा कापला आणि जुजं एकावर एक ठेवली. वरचं एकेक उचलून डोळ्यांसमोर धरायचं, की डबी त्याच्या पहिल्या पानाचा आकडा सांगायची. एक. सतरा. तेहेतीस. दोन्ही हात मोकळे, मध्ये कोणाचा फोन नाही. काकांना जरा बरं वाटू लागलं.

"पाचशे पंचेचाळीस," डबी म्हणाली. आणि पुढच्या जुजाला, "पाचशे सत्त्याहत्तर."

मधलं एकसष्ट कुठे गेलं? काकांनी जुज पुन्हा धरलं. पुन्हा सत्त्याहत्तरच.

"घ्या! हिला पाढेच येत नाहीत!"

बायको हात पुसत आली आणि वाकून बघू लागली. "तिला येतात हो. सत्त्याहत्तरच आहे. एकसष्ट त्याच्या खाली दिसतंय."

म्हणजे घोळ आधीच्या शिवणीतला होता. "कोणत्या गाढवानं शिवलं होतं हे?" म्हणत काकांनी कापलेला दोरा चिमटीत धरला. टोकाला दुहेरी गाठ होती, डाव्या हातानं मारलेली. त्यांची बोटं तिथेच थांबली. अशी गाठ या भागात एकच माणूस मारायचा. तीस वर्षांपूर्वी, नजर घारीसारखी असताना.

"सापडलं का गाढव?" बायकोनं विचारलं.

काका आधी ओशाळले, मग पोट धरून हसले. वर्षभर ते स्वतःला मोडीत काढत होते. पण चूक तर धडधाकट डोळ्यांनीही झाली होती. तेव्हा फक्त कानाशी सांगणारं कोणी नव्हतं.

त्यांनी क्रम लावला, खंड शिवला आणि वाचनालयात नेऊन दिला. गप्प राहिले असते तरी चाललं असतं, पण त्यांनी सगळं सांगून टाकलं. बाईंनी पानं पालटली, आकडे ताडून पाहिले.

"तीस वर्षांत एकाही वाचकाची तक्रार नाही हो आली!"

"शब्दकोश सलग कोण वाचतंय, बाई?"

"तुमची डबी वाचते की." त्यांनी उरलेले तीन खंड टेबलावर काढले. "न्या हे."

काकांनी आनंदानं मान वर केली, तसा डबीनं भिंतीवरचा फलक खणखणीत आवाजात वाचला, "कृपया शांतता राखा!"

सगळे वाचक दचकून बघू लागले. काका चष्मा चाचपू लागले. आवाज कमी कसा करायचा ते त्यांना कुठे माहीत होतं?

"काका," बाई हसू दाबत म्हणाल्या, "आधी हिला बाहेर न्या. खंड मी पाठवते."