दोघांची हवा

कागदी रुमाल हातात पडला की काका आधी तो मधोमध फाडत. अर्ध्याने तोंड पुसत आणि उरलेला अर्धा शेजारच्यापुढे धरत. "पुरतो हो, घ्या." पेठेतला असा एखादा गृहस्थ तुम्हीही पाहिला असेलच. मला मात्र हे निवृत्त मास्तर भेटले ते कोथरूडच्या पोहण्याच्या तलावावर, पाठीला हवेचा सिलिंडर बांधलेले.

मी तिथे स्कूबा शिकवते. एरवी येतात ती हिंजवडीची पोरं, अंदमानला जायच्या आधी. हे आले बायकोला घेऊन. काकूंना एकदा समुद्राच्या आत जाऊन मासे बघायचे होते, आणि नवऱ्याशिवाय त्या कधी कुठे गेल्या नव्हत्या.

पहिल्याच दिवशी काकांनी विचारलं, "मॅडम, एक सिलिंडर किती वेळ पुरतो?"

"माणसावर आहे. शांत राहिलात तर तीसेक फुटांवर पाऊण तास. घाबरून हातपाय मारलेत तर निम्म्या वेळात संपतो. आणखी खोल गेलात तर त्याहून लवकर."

"म्हणजे जपून वापरायची," ते म्हणाले, आणि तिथेच घोळ झाला.

पाण्याखाली गेले की काका श्वास धरून बसत. बुडबुडेच दिसेनात. वर आल्यावर मी चांगलं खडसावलं. "काका, श्वास धरून वर आलात तर फुप्फुसं फाटतात. हवा आहे तेवढी घ्या ना." ते मान डोलावत, आणि पुन्हा तेच.

शेवटी वैतागून विचारलं, "कुणासाठी ठेवताय एवढी?"

काकू लांब पायऱ्यांवर केस पुसत होत्या. काकांनी आवाज खाली आणला. "ती घाबरते हो. भराभरा ओढते. तिची संपली तर माझ्यातली देता येईल."

मला रागही आला आणि गलबलूनही आलं. पण असल्या माणसाला समुद्रात कसं उतरवणार? मालवणच्या समुद्रात मी एकट्या काकूंनाच खाली नेईन, तुम्ही बोटीवर थांबा म्हणून सांगितलं. काकू म्हणाल्या, "मग मीही नाही जात." काका म्हणाले, "वेडी का तू? मॅडम आहेत ना." बोटीत त्यांनी स्वतः तिचे पट्टे आवळले.

काकू आधी धास्तावल्या. मग मासे दिसले आणि रमल्याच. सिलिंडरचा काटा राखीव हवेपर्यंत आला तरी वर यायला तयार नव्हत्या.

बोटीवर काकांनी तो काटा पाहिला. "सगळी वापरलीस? छान केलंस," म्हणाले. काकू माशांबद्दल बोलायच्या थांबेनात.

"जमलं हो तिला, माझ्याशिवाय," ते मला हळूच म्हणाले. अगदी आनंदाने म्हणाले. पण मग किनारा येईपर्यंत त्यांनी काकूंचा हात सोडला नाही.