पल्याडचीशी मांडलेलं भांडण

अगं, तिथं दारात काय टेकलीस? ये, इकडं माझ्याजवळ सरक. आणि असं अर्ध्या मांडीवर बसू नये माणसानं, आत्ता उठून पळेल असं. बाळंतपणाचं काम शिकलीस, दाराला पाटी लावलीस, आणि आता मला विचारतेस की आजी, हे टिकवायचं कसं. सकाळपासून दोन घास पोटात गेलेत का तुझ्या? दुसऱ्यांच्या बाळंतिणींना खाऊ घालशील आणि स्वतः सुकून मरशील. तो लाडू उचल आधी. हां. आता ऐक.

माझं काम टिकलं ते भांडणावर. हसू नकोस. पुष्कळ वर्षं मी एका बाईशी भांडत होते, आणि ती बाई माझी जिवाभावाची होती.

भीमेच्या या अंगाला आपला शिरूर तालुका, त्या अंगाला दौंड. मी वडगाव रासाईकडची सुईण, ती तिकडं राहूच्या बाजूची. आमच्याकडचे लोक तिला पल्याडची म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणते.

तुला आताच्या दवाखान्यांच्या दिवसांत कळायचं नाही, पण तेव्हा बाळंतपण केलं, नाळ कापली, म्हणजे सुईणीचं काम संपलं असं नसायचं. पुढं बारशापर्यंत बारा दिवस रोज जायचं. बाळाला नि बाळंतिणीला तेल लावायचं, न्हाऊ घालायचं, शेक द्यायचा. आणि खरी गंमत अशी की सुईण येते तोवर बाई बाजेवर. सुईण यायची थांबली की दुसऱ्या दिवशी बाई विळा घेऊन रानात. मुलगा झाला तर बारा दिवस कुणी चकार शब्द काढायचं नाही. मुलगी झाली की पाचवी पुजायची आणि माझ्या हातावर लुगडं आणि पायलीभर बाजरी ठेवून म्हणायचं, ये आता. कुरकुर केली की ऐकायला मिळायचं, "पल्याडची पाच दिसांतच उरकती. तिला आणू का?" मग मी बाजरी उचलून चालू लागायची. काम गेलं तर खायचं काय?

बहात्तरच्या दुष्काळात नदी आटली. दोन्ही काठांच्या बाया एकाच रस्त्यावर खडी फोडायला बसल्या. माझ्या शेजारी एक तंबाखू मळणारी, मोठ्या हाडाची बाई. भाकरी सोडताना बोलता बोलता कळलं की तीही सुईण. मी जरा तिरकीच झाले.

"तूच का ती, पाच दिसांत उरकणारी?"

"मी?" ती म्हणाली. "मला तर सांगत्यात, अल्याडची पाच दिसांत उरकती, तिला आणू का म्हून."

आम्ही दोघींनी हातोड्या खाली ठेवल्या. तिच्या नावानं मला भ्याव घातलं होतं आणि माझ्या नावानं तिला. आपणहून पाच दिवस कुणीच म्हटलं नव्हतं.

"मग आता सांगून टाकू, आपुन दोघी एक हाय म्हून," मी म्हटलं.

"खुळी का काय तू? एक हाय म्हटल्यावर तिसरी हुडकत्याल. भांडण हाय तसंच ठिवायचं. आन् आतनं ठरवायचं, बारा म्हंजी बारा. पोरगा असू दे, न्हाईतर पोरगी."

इतकी अक्कल तिला तंबाखूतून यायची का काय, कोण जाणे.

मग आम्ही भांडणाचे नियम केले. एकमेकींच्या स्वभावाला नावं ठेवायची, हाताला नाही. मी सांगायची, ती खवट आहे, तंबाखूखाऊ आहे, तिच्याशी बोलायची सोय नाही. ती सांगायची, मी चोंबडी आहे, इकडचं तिकडं करते. पण कामात कच्ची आहे असं, एक वेळ सोडली तर, दोघींनी कधी म्हटलं नाही. त्यामुळं झालं असं की मला ताप भरला की मी बोलवायला आलेल्याला बजावून सांगायची, "काय बी करा, पर त्या पल्याडचीला आणू नका." मी एवढी चिडते म्हणजे ती चांगलीच असणार, असं धरून तो तडक होडीत बसायचा आणि तिलाच घेऊन यायचा. माझं अंथरूण आणि तिचं काम, दोन्ही नीट व्हायचं.

आता एका मोठ्या घराची गोष्ट. दुष्काळ सरून एक-दोन सालं झाली असतील. आमच्या अंगाच्या एका गावात उसाचा बागायतदार होता, त्याच्या धाकट्या सुनेला तिसऱ्या खेपेचे दिवस होते. आधीच्या दोन मुली. एरवी आम्ही बौद्धवाड्यातल्या बाया त्या घरात अंगणाच्या पायरीपर्यंत. कळा सुरू झाल्या की मात्र थेट आतल्या खोलीत. तेव्हा कुणाला काही आठवायचं नाही.

आठव्या महिन्यात पोट बघायला गेले तर सून बाजेवरून उठताना भिंतीला धरून उठली. मी कमरेवर हात ठेवला तशी कळवळली. म्हणाली, "मावशी, मागल्या टायमाला सहाव्या दिशी कांदे काढाय नेलं मला. तवापासनं कंबर धरलीया. ह्या टायमाला पोरगी झाली तरी बारा दीस पडू दे मला. एवढं कर."

आता तिच्या कमरेची काळजी माझ्या अंगावर आली. बाहेर आले आणि तिच्या सासूला सांगितलं, "बाई, बारा दीस ठरवूनच काम घेईन. काय बी होऊ दे."

सासू हुशार बाई. नुसता धाक घालून थांबली नाही. म्हणाली, "उद्या सकाळी ये तू. पल्याडचीला बी बोलावते. दोघी माझ्यासमोर बसा, मग बघू कोण काय मागतंय ते." वैरिणी समोरासमोर आल्या की एकमेकींच्या खाली उतरतील, असा तिचा हिशेब. गडी लगेच होडीवर पाठवला. आम्हाला आपसात बोलायला सवड नाही.

दुसऱ्या दिवशी अंगणात मी या टोकाला, ती त्या टोकाला, माझ्याकडं पाठ करून. ओसरीवर घरातले म्हातारे आबा अडकित्त्यानं सुपारी कातरत बसलेले. आतल्या दाराआड सून उभी होती, तिच्या पायांवरून ओळखली मी. पल्याडचीही बाराच म्हणाली, की आमचं आतून ठरलंय हे सासू ओळखणार. अकरा म्हणाली, की सून गेली.

"ही बारा दीस मागती," सासू म्हणाली. "तू काय मागतीस?"

पल्याडचीनं सावकाश पिंक टाकली. "बारा? बारा दिसांत काय हुतंय? मी पंधरा घेते."

मग डोक्यात लख्ख पडलं, ती वर चढली की माझे बारा स्वस्त दिसणार.

"हिला पंधरा लागणारच की," मी म्हटलं. "हात चालतोय कुठं हिचा. मी बारात करते. पर बाळंतिणीला रोज वाटीभर तूप लागंल."

"वाटीभर?" ती माझ्याकडं वळली. काय डोळे वटारले होते तिनं, मला खरंच भीती वाटली. "वाटीभर तुपात बाळंतीण उभी ऱ्हाती व्हय? दोन वाट्या. आन् डिंकाचं लाडू."

"लाडू तर हायतच. शिवाय सव्वा महिना रानात पाय घालायचा न्हाई."

"सव्वा महिना ही म्हणती. मी दोन महिने म्हणते."

"अगं तुम्ही उतरताय का चढताय?" सासू म्हणाली. ती बिचारी एकदा हिच्याकडं बघत होती, एकदा माझ्याकडं.

"ही काय मला शिकवती," पल्याडची म्हणाली. "माझ्या हाताखालची दोन महिने बाजंवरनं उठत न्हाई. पाणी बी सासूनं द्यायचं."

तेव्हा आबांचा अडकित्ता थांबला. "ए, ही अल्याडची घे आन् बारा दे," ते सासूला म्हणाले. "आणिक घटकाभर भांडल्या तर सुनंला वरीसभर पाळण्यात बसवत्याल, आन् झोका तुला द्यावा लागंल."

झालं, बारावर ठरलं. दाराआडचे पाय आत गेले. आम्ही दोघी तोंडं फिरवून निघालो. ओसरीखालून जाताना आबांनी मला हाक मारली, सुपारीचं खांड पुढं केलं आणि हळूच म्हणाले, "दौंडच्या बाजारात एका कागदातली भजी खाताना बरं भांडण मिटलं हुतं गं तुमचं." मी सुपारी तोंडात टाकली आणि जीभ चावली. पण म्हातारा मरेपर्यंत कुणाला बोलला नाही.

मुलगीच झाली. गोरी, आणि आवाजाला खणखणीत. पाचव्या दिवशी पाचवी पुजली, आणि सहाव्या दिवशी सकाळी गेले तर दारात नवं लुगडं घडी घालून ठेवलेलं. सासू म्हणाली, "लई केलंस. आता दमली असशील, ये."

आत सून ऐकत होती. मी लुगडं उचललं, पदर नीट केला.

"बरं झालं बाई, माझी बी कंबर दुखायलीया. उद्यापासनं पल्याडची यील, मी सांगावा धाडते. पर ती दुसरीचे दीस आपल्यात धरत न्हाई. तिचे पंधरा पहिल्यापासनं मोजायचे. दोन वाट्या तूप. आन् पाण्याचं तुमाला ठावंच हाय."

सासूनं माझ्या हातातलं लुगडं काढून घेतलं. "पाणी तापलंय," म्हणाली. "गार व्हायच्या आत जा आत."

बारा दिवस पुरे झाले. बाराव्या दिवशी सून भिंतीला हात न लावता उठली आणि मुलीला घेऊन बारशाला पाटावर बसली. त्या घरानं मुलीला बारा दिवस दिले म्हटल्यावर बाकीच्या घरांना पाच म्हणायची लाज वाटायला लागली. काही वर्षांत दोन्ही काठांवर कुणी विचारायचंही बंद झालं.

बारशाला तेच लुगडं परत माझ्या हातावर पडलं, ते घेऊन मी होडीनं पलीकडं गेले, पल्याडचीला दाखवायला. तिनं लुगड्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "मी पंधरा म्हटलं हुतं. माझे तीन दीस कुठं हायत?"

मग काय करते? तीन दिवस तिच्याच घरी राहिले. रोज तेल कोमट करून तिची पाठ चोळली, न्हाऊ घातलं, पाणीही हातात दिलं. पालथी पडून वर मलाच सांगत होती की माझा हात चालत नाही.

तुझीही पाठ धरलेली दिसते, मघापासून बघतेय. आज घाईत आलीस, ठीक आहे. पण या महिन्यातच परत ये, आणि चांगले तीन दिवस काढून राहायलाच ये.